गोधडीचा चौथा कोपरा

न्यू लिन, ऑकलंड
९ फेब्रुवारी २०२५

चि. सुलू,

आशीर्वाद पाठवते, घ्यायचे की नाही ते तू ठरव. फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक करून ठेवलंयस. पोस्टमनला काही ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. अक्षर ओळखून पाकीट बाजूला टाकणार असशील तर टाक, मी दुसरं लिहीन. इथे कोपऱ्यावरच्या डेअरीत (वाण्याच्या दुकानाला हे लोक डेअरी म्हणतात) हवी तितकी पाकिटं मिळतात.

लिहायचं कारण म्हणजे मला काम मिळालंय. अडुसष्टाव्या वर्षी! प्रसादला वाटलं, आई दिवसभर घरी राहिली की दीप्तीच्या स्वयंपाकघरातले डबे इकडचे तिकडे करते, त्यापेक्षा हिला कुठेतरी सोडून यावं. म्हणून दर गुरुवारी तो मला इथल्या कम्युनिटी सेंटरच्या शिवण-मंडळात सोडतो. सगळ्या गोऱ्या बायका, सत्तरीच्या पुढच्या. त्यांची पुढारी ग्लेनिस, वय एक्याऐंशी, पाठ ताठ, कुणाचं ऐकून घेत नाही. आमचं पहिल्याच दिवशी जमलं.

या बायका एक मोठी गोधडी करतायत. महायुद्धात इथली मुलं इंग्लंडला जाऊन बॉम्बफेकी विमानं चालवायची. चार इंजिनांची मोठी धुडं, एकेकात सात माणसं. त्यांची एक स्क्वाड्रन होती. तिच्यातली बरीच विमानं परत आलीच नाहीत. स्क्वाड्रनमधला शेवटचा म्हातारा दोन वर्षांपूर्वी गेला आणि त्यांची संघटना बंद व्हायला आली. बंद करण्याआधी हॅमिल्टनजवळ 'ते रापा' नावाच्या भागात, एका हॉलच्या आवारात संघटनेचे लोक स्मारकाची शिळा उभी करतायत, आणि आत भिंतीवर ही गोधडी लावणार. सत्तर चौकोन. सातासाताच्या दहा ओळी. प्रत्येक चौकोन न परतलेल्या एकेका मुलाच्या घरून आलेल्या कापडाचा: कुणाचा शर्ट, कुणाच्या आईचा एप्रन, कुणाच्या लग्नातला टेबलक्लॉथ. २५ एप्रिलला, म्हणजे युद्धात गेलेल्यांची आठवण काढायच्या इथल्या अ‍ॅन्झॅक डेला, उद्घाटन.

मी गेले तेव्हा चौदा चौकोन जोडून झाले होते आणि मशीनच्या टिपेने सगळे चुण्या पडून बसले होते. मी म्हटलं, हे उसवा. ग्लेनिसने विचारलं, तुला जास्त चांगलं येतं का? मी म्हटलं, येतं. चौदाच्या चौदा उसवले आणि हाताने धावदोरा घालून दाखवला. आता मुख्य शिलाई माझ्याकडे आहे. आपल्या चिंचवडच्या शिवणक्लासमध्ये बत्तीस वर्षं काय हजामत केली का आपण?

राहिला तो विषय. मी नऊ वर्षं सगळ्यांना जे सांगत आले तेच तुलाही सांगते. आईचा अंजिरी शालू तू मागितला नव्हतास. मागितला असतास तर दिला असता. मागितला नाहीस, म्हणून मी त्याची गोधडी केली. शालू घडीवर विरलाच होता, ट्रंकेत पडून भुगा झाला असता. त्याचं मी काहीतरी केलं. एवढ्यावरून सख्ख्या बहिणीशी कुणी बोलणं टाकतं का?

तुझी,
अक्का

---

न्यू लिन
१ मार्च

चि. सुलू,

उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती. पहिलं पत्र अजून तुझ्या दारात पोचायचं असेल.

छत्तीस चौकोन झाले. अस्तराच्या रंगावरून परवा वाद झाला. बाकीच्यांना आकाशी हवं होतं, विमानं म्हणून. मी शिवता शिवता ग्लेनिसला सरळच विचारलं, की ही मुलं ज्यांच्यावर बॉम्ब टाकत होती त्यांचं काय? तिथेही घरं असतील, बाया-पोरं असतील. एकीने चष्मा काढून ठेवला. मला वाटलं, गेलं हे काम हातातून. पण ग्लेनिस दोरा ओवता ओवता म्हणाली की तिच्या आईलाही हेच वाटायचं, फक्त बोलायची सोय नव्हती. तिचे वडील विमानाच्या शेपटीत बसणारे बंदूकवाले. त्रेचाळीस साली गेले, ही तेव्हा पोटात होती. तिनेच ठरवलं, अस्तर काळं लावायचं. समोरून दिसणार नाही, पण सगळे चौकोन त्याच्यावर शिवलेले असतील. संघटनेने का म्हणून विचारलं तर मी सांगेन, म्हणाली. सांगेलही.

मग मी त्यांना आपली पद्धत सांगितली. आई बार्शीहून घेऊन आली ती. गोधडीला उपाशी ठेवायचं नाही. तीन कोपरे शिवून झाले की चौथ्यात ज्वारीचे चार दाणे घालायचे आणि मगच तो बंद करायचा. आई तर दाणे घालताना गोधडीशी बोलायचीसुद्धा, जेव बाई, म्हणायची. आठवतंय ना?

त्यांना फार आवडलं. मग मी विमानतळाचा किस्साही सांगितला, जो तुला अजून माहीत नाही, कारण तोवर तू बोलणं टाकलेलं होतंस. इथे उतरले तेव्हा फॉर्मवर विचारलेलं असतं, धान्य, बिया, फळं काही आहे का? मी ठोकून दिलं, नाही. माझ्या डोक्यात धान्य म्हणजे पिशवीतलं धान्य. गोधडीच्या पोटातला घास कुणाच्या लक्षात राहतो? मशीनमध्ये बॅग गेली आणि एका ऑफिसर मुलीने मला बाजूला घेतलं. चांगली धिप्पाड माओरी मुलगी, किआ ओरा (त्यांचा नमस्कार) म्हणाली आणि हातमोजे चढवले. गोधडीचा कोपरा बोटांनी चाचपला आणि विचारलं, हे काय? मी सांगितलं, ते तिचं जेवण आहे. प्रसाद बाहेर काचेपलीकडे उभा, त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मुलीने ते सगळं नीट ऐकून घेतलं, हसली नाही. मग छोट्या कात्रीने चार टाके उसवले, चिमट्याने दाणे काढले आणि एका डबीत ठेवले. ताकीद देऊन सोडलं मला. आईने भरवलं असतं तसे मी स्वतः घातलेले दाणे, सुलू. डोळ्यांदेखत काढून घेतले.

तो कोपरा नंतर मी शिवला नाही. वेळ झाला नाही.

तुझी,
अक्का

---

न्यू लिन
२० मार्च

चि. सुलू,

आज झालेलं आजच लिहिते, नाहीतर माझ्या सोयीने बदलेन.

ग्लेनिसने तिच्या वडिलांच्या चौकोनासाठी कापड आणलं. टिश्यू पेपरात गुंडाळलेलं, हातरुमालाच्या चौपट रेशीम, आणि त्यावर युरोपचा नकाशा छापलेला. मी आयुष्यात असलं कापड पाहिलं नव्हतं. विमान पडलं आणि जीव वाचला तर वाट शोधायला म्हणून या मुलांना देत. कागद भिजतो, खिशात वाजतो. रेशमाचं तसं नाही. वडील गेल्यावर त्यांच्या सामानातून हा एक नकाशा घरी आला. तिची आई दर अ‍ॅन्झॅक डेला तो गळ्याला बांधायची.

चौकोन आठ इंचांचा. म्हणजे नकाशा कापावा लागणार. मी टाचण्या लावल्या, खडूने रेघ मारली, कात्री उचलली. आणि सहज विचारलं, तुला भाऊबहीण कुणी आहे का?

आहे. रॉस. त्र्याऐंशी वर्षांचा, पोरिरुआला असतो, वेलिंग्टनजवळ. मी विचारलं, त्याला माहीत आहे का आपण हे कापतोय? ग्लेनिस म्हणाली, "त्याने कधी मागितला नाही. हवा असता तर मागितला असता."

सुलू, हे वाक्य माझं आहे. शब्दन् शब्द माझं. माझ्या तोंडून ते पन्नास लोकांनी ऐकलंय. दुसऱ्याच्या तोंडून मी आज पहिल्यांदा ऐकलं, आणि ऐकताक्षणी कळलं की बाई खोटं बोलतेय.

मी कात्री खाली ठेवली. म्हटलं, आधी त्याला फोन लाव. ती म्हणाली, माझ्या घरातलं मी बघून घेईन. मी म्हटलं, जरूर बघ, पण माझ्या हातातल्या कात्रीने नाही. सगळ्या बायका आपापल्या चौकोनात डोकी घालून बसल्या. ग्लेनिसने नकाशा गुंडाळला, पर्स उचलली आणि निघून गेली. साठावा चौकोन अर्धा राहिलाय.

संध्याकाळी मैत्रेयीला, म्हणजे नातीला, सगळं सांगितलं. मराठी सगळं कळतं तिला, बोलते मात्र इंग्रजीतच. "आजी, यू आर सो बॉसी," म्हणाली. मग विचारलं, तू का एवढी चिडलीस? मी म्हटलं, जेवून घे.

यापेक्षा जास्त आज लिहवत नाही.

तुझी,
अक्का

---

न्यू लिन
५ एप्रिल

सुलू,

तुझं पत्र मंगळवारी आलं. एवढं मोठं पाकीट आणि आत एक ओळ. 'अक्का, पदराचं काय केलंस?' खाली सहीसुद्धा नाही. मी ते दिवसातून तीन-चारदा उघडून बघते. तुझा 'प' अजून तसाच आहे, शाळेतल्यासारखा.

पदराचं सांगते. आधी रॉसचं सांगू दे, कारण ते न सांगता मला पुढचं सांगता येणार नाही.

ग्लेनिसने भावाला फोन केला. मला न सांगता, दोन दिवस धुमसून झाल्यावर. गुरुवारी तो विमानाने आला. काठी टेकत, पायात जँडल्स (इथल्या रबरी चपला), आत येऊन सगळ्यांना किआ ओरा म्हणाला आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. ग्लेनिसने नकाशा टेबलावर पसरला. त्यावर माझ्या खडूची रेघ तशीच होती. रॉसने रेघेला बोट लावलं आणि म्हणाला, "मला हा सात वर्षांचा असल्यापासून हवा होता. आईने तुला दिला, म्हणून मी काही बोललो नाही."

ग्लेनिस म्हणाली, मला माहीत होतं. एवढंच. वर काही सारवासारव नाही. एक्याऐंशी वर्षांच्या बाईने चार लोकांत ते सांगितलं, आणि मी नऊ वर्षं पत्रं लिहायला घाबरले.

तोडगा मी काढला, अर्थात. नकाशा कापायचाच नाही. चौकोनाच्या जागी काळ्या कापडाचा खिसा शिवायचा, तोंडाला काज आणि एक बटण. नकाशा घडी करून आत. दोघांपैकी ज्याला हवा त्याने येऊन काढावा, बघावा, परत ठेवावा. रॉस म्हणाला, "स्वीट अ‍ॅज." म्हणजे उत्तम, चालेल, झालं भांडण, सगळं त्यातच येतं.

आता आपलं.

तू शालू मागितला होतास. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. ओट्यापाशी उभी राहून पाहुण्यांची भांडी विसळत होतीस आणि म्हणालीस, अक्का, शालू माझ्या प्राचीला ठेवू या, तिच्या लग्नात नेसेल. मी मागे ताटं लावत होते. मी ऐकलं. नळ चालू होता, त्यामुळे ऐकू आलं नाही असं पुढे म्हणता येईल, हेही मला तिथेच उभ्या उभ्या सुचलं. आठवड्याने मी शालू कापला.

का, ते विचारशील. आईची शेवटची आठ वर्षं तुझ्या घरी गेली. तिची चिडचिड तू सोसलीस, औषधं तू दिलीस, सगळं मान्य. पण सकाळचा पहिला चहा ती तुझ्यासोबत घ्यायची. मी क्लास सुटल्यावर अर्धा तास येणारी पाहुणी होते. ह्यांच्यामागे प्रसादने मला इकडे बोलावलं, कायमचं. बॅगेत तेवीस किलो. मला आई न्यायची होती, सुलू. तुला वाटा देऊन नाही, अख्खी न्यायची होती. मला तुझा हेवा वाटायचा, आणि तो वाटतो हे कबूल करण्यापेक्षा शालू कापणं सोपं गेलं.

आणि क्लासमध्ये कटिंग तुझं, शिलाई माझी असं आपलं ठरलेलं होतं. बत्तीस वर्षांत एकच कापड मी तुला न विचारता कापलं.

शालू घडीवर विरला होता हे खरं आहे. पदर धड होता हेही खरं आहे. पदराला कात्री लावायला माझा हात धजला नाही. तो मी अख्खा, नीट पसरून, गोधडीच्या पोटात घातलाय. वरून दिसत नाही. आई बार्शीच्या गोधड्यांत जुनी लुगडी घालायची तसा. वरचे टाके त्याच्यातून गेलेत, तेव्हा भोकं पडली असतील. पण तो आहे, जरीसकट.

प्राचीचं लग्न झालं, त्याचे फोटो मी चोरून दीप्तीच्या फोनवर पाहिले. हिरव्या पैठणीत फार छान दिसत होती पोर. अंजिरीत आणखी छान दिसली असती.

अक्का

---

न्यू लिन
२६ एप्रिल

चि. सुलू,

काल उद्घाटन झालं. पहाटे उजाडण्याआधी सगळे हॉलबाहेर उभे राहिले, थंडी मी म्हणत होती. मी दीप्तीचं जाकीट घातलं होतं आणि खाली नऊवारी नेसले होते, कारण शिवणारणीने पाहुण्यासारखं जायचं नसतं. शिळेवर नावं आहेत. एक एक वाचून झालं, मग बिगुल वाजला. मग हळूहळू उजेड आला आणि लोक आत गोधडी बघायला आले.

काय झालीये गोधडी, सुलू! भिंतभर. सत्तर चौकोन, एकही चुणी नाही. लोक जवळ येत, आपला चौकोन शोधत आणि बोट लावत. हात लावू नका अशी पाटी होती, ती ग्लेनिसने सकाळीच काढून टाकली. संघटनेच्या साहेबांनी काळं अस्तर उलटून पाहिलं आणि विचारलं. ग्लेनिसने सांगितलं. त्यांनी अस्तर पुन्हा नीट सोडलं आणि ते हात जोडून उभे राहिले.

चौथा कोपरा मी मुद्दाम उघडा ठेवला होता. पण ज्वारी घालता येईना. हॉलवाल्यांनी बजावलं होतं, धान्य घातलंत तर उंदीर येतील. बरोबरच आहे त्यांचं. तेव्हा रॉस खिशातून एक पितळी बटण काढून म्हणाला, बाबांच्या कोटाचं आहे, हे चालेल का? मैत्रेयीने भाषांतर करायची गरज नव्हती तरी केलं. मी म्हटलं, उपाशी राहण्यापेक्षा बरं. ग्लेनिसने बटण आत सरकवलं, रॉसने कोपरा धरला आणि मी टाके घातले. जेव बाई, म्हटलं. मैत्रेयी शेजारी होती, तिनेही म्हटलं, आणि चक्क मराठीत म्हटलं.

मग त्या दोघांनी खिशाचं बटण काढून नकाशा बाहेर घेतला आणि खिडकीपाशी जाऊन बघत बसली. ग्लेनिस त्याला एकेक गाव दाखवत होती. मी तिथून बाजूला झाले.

पुढच्या आठवड्यात दीप्ती तिच्या आतेबहिणीच्या लग्नाला पुण्याला येतेय. तिच्यासोबत आईची गोधडी पाठवतेय. हे मी तुला विचारून करत नाही, कारण तू नको म्हणशील आणि मला पुन्हा न ऐकल्याचं सोंग करावं लागेल.

चौथा कोपरा त्या विमानतळाच्या मुलीने उसवला तसाच आहे. वेळ झाला नाही असं मागे लिहिलं होतं, ते खोटं. नऊ वर्षांत चार टाके घालायला वेळ झाला नाही, असं कसं होईल? दाणे हातात घेऊन दोनदा बसले होते. एकटीने घालवेनात.

बरोबर एक डबा आहे. त्यात क्लासमधली तुझी छोटी कात्री आहे. ती मी तेव्हा नेली होती, तू सगळं घर शोधलं असशील. आणि सात नंबरची सुई, अंजिरी दोरा ओवून. पदर हवा असेल तर सगळे टाके उसव आणि काढून घे, तो प्राचीचा आहे. मी एका शब्दाने काही म्हणणार नाही. गोधडी ठेवायची असेल तर कोपऱ्यात ज्वारी घालून शिवून टाक. ज्वारी तिकडचीच घे, इकडून दाणा पाठवायची माझी आता हिंमत नाही.

कटिंग तुझं आणि शिलाई माझी असं होतं. या खेपेला दोन्ही तुझ्याकडे देतेय.

घातलेस दाणे, तर तिला जेव म्हण. आईसारखं. आणि मला कळव, जेवली का.

अक्का